तळ्याचं नाव बाळाला

हा विषय मला एका विद्यार्थ्याने दिला. नववीचा वर्ग, इंग्रजीचा तास. बोलता बोलता 'जंगल बुक' निघालं, मोगली निघाला, आणि मी फळ्यावर लेखकाचं नाव लिहिलं, रुडयार्ड किपलिंग. मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "सर, रुडयार्ड म्हणजे काय?" मी म्हणालो, "म्हणजे काय? नाव आहे ते." पण त्याचं समाधान होईना. "नावाला अर्थ असतो की, सर. आमच्या आजीचं नाव लंका आहे. ती रावणाची लंका." झालं! सगळा वर्ग खो खो हसत सुटला. पोरगं खाली बसलं ते तास संपेपर्यंत मान वर न करता.

त्या दिवशी मी वर्गाला गप्प केलं, पण प्रश्नाचं उत्तर मात्र दिलं नाही. कारण मलाच ते ठाऊक नव्हतं. पुढे शोधलं, तेव्हा वाटलं, हे त्याच तासाला सांगता आलं असतं तर किती बरं झालं असतं. रुडयार्ड हे एका तळ्याचं नाव आहे.

इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशायर नावाचा परगणा आहे. चिनी मातीच्या भांड्यांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध. तिथे लीक गावाजवळ रुडयार्ड नावाचं खेडं आणि त्याच नावाचा तलाव. तलाव निसर्गाने दिलेला नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस खोऱ्यात बांध घालून पाणी अडवलं, ते कशासाठी? तर जवळच्या कॅल्डन कालव्यात बोटी चालाव्यात म्हणून. म्हणजे कामाचा तलाव, आपल्या घाणेवाडीसारखा. जालना शहराला पाणी देणाऱ्या घाणेवाडीच्या तलावावर आपणही डबे घेऊन जातोच की. तिकडेही पुढे आगगाडी आली आणि रुडयार्डचा तलाव सहलीचं ठिकाण झाला.

जॉन लॉकवुड किपलिंग हा तरुण त्या भागात, बर्सलेम गावी, भांड्यांच्या कारखान्यात नक्षीकामाचे नमुने करत असे. १८६३ साली या तलावाकाठच्या सहलीत त्याची आणि अ‍ॅलिस मॅक्डोनल्ड या तरुणीची भेट झाली. १८६५च्या मार्चमध्ये लंडनला त्यांचं लग्न झालं आणि लगेच दोघं बोटीने मुंबईला निघाले. लॉकवुडला सर ज. जी. कलाशाळेत, आपण ज्याला जे. जे. म्हणतो तिथे, शिल्पकलेच्या अध्यापकाची जागा मिळाली होती. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटच्या दारांवर शेतकरी-बाजारकऱ्यांची कोरीव चित्रं आहेत ना, ती या लॉकवुडची. पुढच्या वेळी भाजी घ्यायला गेलात तर मान वर करून पाहा.

त्याच वर्षी ३० डिसेंबरला जे. जे.च्या आवारात त्यांना मुलगा झाला. आजोबांच्या नावावरून त्याचं पहिलं नाव ठेवलं जोसेफ, आणि दुसरं ठेवलं रुडयार्ड. घरी म्हणायचे रडी. पुढे जोसेफ मागे पडला आणि तळ्याचं नाव तेवढं जगाच्या तोंडी राहिलं.

आता जरा विचार करा. नवं लग्न, परका देश, हवा सोसत नाही, माहेर महिन्याच्या बोटीच्या वाटेवर. अशा वेळी त्या दोघांनी बाळाला कोणतं नाव द्यावं? जिथे आपण एकमेकांना पाहिलं, त्या पाण्याचं. जालन्यातल्या एखाद्या जोडप्याने कौतुकाने मुलाचं नाव 'घाणेवाडी' ठेवलं तर बारशाला जमलेल्या आत्या काय म्हणतील, ते सांगायला नको! पण इंग्रजांच्या कानालाही रुडयार्ड तितकंच विचित्र लागत होतं, हे लक्षात घ्या.

म्हणजे स्थळांची नावं माणसांना देणं इंग्रजांत नव्हतं असं नाही. उलट ती रीत जुनीच. पण तिची वाट वेगळी. आधी गावावरून आडनाव पडायचं आणि मग दोनचार पिढ्यांनी ते आडनाव कुणाच्या तरी पाळण्यात जायचं. स्टॅन्ली, क्लिफर्ड, मिल्टन ही सगळी मुळात ठिकाणांची नावं. 'शर्ली'चंही तेच. पूर्वी ते पुरुषाचं नाव होतं. १८४९ साली शार्लट ब्राँटेने 'शर्ली' कादंबरी लिहिली. तिच्यातल्या आईबापांना मुलगा हवा होता, झाली मुलगी, म्हणून त्यांनी मुलासाठी योजलेलं नाव तिलाच देऊन टाकलं. तेव्हापासून शर्ली बाईचं झालं. खुद्द किपलिंग हे आडनावही यॉर्कशायरमधल्या किप्लिन या गावावरून आलेलं. म्हणजे या गृहस्थाच्या नावात एक तळं आणि आडनावात एक गाव.

आपल्याकडे ही वाट आडनावापाशीच थांबते. अंबडकर, राजूरकर, परतूरकर झाले. पण परतूरकर हे कुणाचं पाळण्यातलं नाव झाल्याचं ऐकिवात नाही. आपलं पाळण्यातलं नाव थेट तीर्थावरून येतं. निवडणुकीच्या कामाला मी कितीदा तरी अंबड, घनसावंगीकडच्या खेड्यांत गेलो आहे. मतदार यादी वाचत बसलं की भारतयात्रा घडते. काशीबाई, गयाबाई, प्रयागबाई, मथुराबाई, द्वारकाबाई, अयोध्याबाई. आणि गोदावरी तर या जिल्ह्याच्या दक्षिण कडेनेच वाहते. तिला आपण गंगाच म्हणतो, म्हणून गंगूबाई, गोदाबाई गावोगाव.

यात एक गोष्ट माझ्या लक्षात आली, ती तुम्हीही पडताळून पाहा. पुरुषाला बहुधा त्या स्थळाचा देव मिळतो आणि बाईला मिळतं ते स्थळ. तो काशिनाथ, ती काशी. तो द्वारकादास, ती द्वारका. एखादा पंढरी सापडतो पुरुषांत, नाही असं नाही, पण तोही कागदोपत्री पंढरीनाथ असतो. ज्या बाईला आयुष्यात गावची शीव ओलांडून फार तर माहेर आणि आठवड्याचा बाजार एवढंच दिसलं, तिच्या नावात मात्र आईबापांनी अख्खी काशी घातली. जाणं होत नव्हतं, म्हणूनच नाव ठेवलं असेल.

मग लंका? ती काही तीर्थयात्रेत बसत नाही. पण मराठवाड्यात लंकाबाई नवी नाही. जुन्या यादीत हे नाव हमखास भेटतं. माझा आपला अंदाज असा, की नाव ठेवणाऱ्याच्या डोळ्यापुढे रावण नसावा, सोनं असावं. कीर्तनात ऐकलेली सोन्याची लंका. कोरडवाहू चार एकरांत ज्वारी पिकवणाऱ्या बापाला मुलीच्या नावात तेवढं सोनं घालता येत होतं, ते त्याने घातलं.

आता दुर्मिळतेचं पाहू. कारण इथे एक कोडं आहे. किपलिंगला १९०७ साली नोबेल पारितोषिक मिळालं, तेही वयाच्या ४१व्या वर्षी. इंग्रजीत लिहिणाऱ्या लेखकाला मिळालेलं ते पहिलं नोबेल. साम्राज्याविषयीची त्याची मतं आपल्याला पटणं शक्य नाही, पण त्या काळी त्याची लोकप्रियता अफाट होती. एवढं असून इंग्लंडमध्ये घरोघरी रुडयार्ड झाले नाहीत. उलट फ्लॉरेन्सचं पाहा. १८२० साली इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात एका इंग्रज जोडप्याला मुलगी झाली, म्हणून तिचं नाव फ्लॉरेन्स. तीच फ्लॉरेन्स नाइटिंगेल. तोवर इंग्रज मुलींत हे नाव विरळ होतं. क्रिमियन युद्धातल्या शुश्रूषेने ती घराघरांत पोचली आणि नंतर गल्लोगल्ली फ्लॉरेन्स झाल्या. तिची थोरली बहीण १८१९ साली नेपल्सला जन्मली होती. तिला त्या शहराचं जुनं ग्रीक नाव दिलं, पार्थेनोपी. ते नाव मात्र तिच्यापाशीच राहिलं.

मला याचं कारण असं दिसतं. फ्लॉरेन्स हे सगळ्यांना ठाऊक असलेलं, जिभेवर सहज बसणारं शहर. काशी, गया, प्रयाग तर कोट्यवधी लोकांच्या मनातली गावं. तिथलं नाव कुणीही उचलावं, ते सर्वांचंच आहे. रुडयार्डचा तलाव दोघांचाच होता. दुसऱ्याने ते नाव घ्यायचं तर त्यात तळं उरत नाही, नुसता किपलिंग उरतो. खुद्द किपलिंगनेही आपल्या मुलांना ते दिलं नाही. मुली जोसेफिन आणि एल्सी. मुलगा आजोबांवरून जॉन. तो जॉन १९१५ साली पहिल्या महायुद्धात लूसच्या लढाईत मारला गेला.

तळ्याचं नाव माणसाला मिळालं, ते पुन्हा जमिनीवर उतरलं मात्र भलत्याच देशात. अमेरिकेत मिशिगन राज्यात रेल्वेच्या एका अधिकाऱ्याला किपलिंग फार आवडायचा. त्याने एका स्टेशनाला रुडयार्ड आणि दुसऱ्याला किपलिंग अशी नावं देऊन टाकली. दोन्ही गावं आजही आहेत. माणसावरून गाव हे आपल्याला नवं नाही. आपल्या जालन्याचं नावच एका धनवान मुसलमान विणकरावरून, म्हणजे जुलाह्यावरून पडलं, अशी परंपरा सांगतात.

हे सगळं गोळा होईस्तोवर तो मुलगा दहावीत गेला होता. त्याच्या वर्गात जाऊन मी तास घेतला. तळं सांगितलं, फ्लॉरेन्स सांगितली, काशीबाई-गयाबाई सांगितल्या, सोन्याची लंकाही सांगितली. या वेळी हसले ते घाणेवाडीला. मुलाला म्हटलं, आजीला विचारून ये, नाव कुणी ठेवलं आणि का. मतदार यादीतल्या लंकाबाई आता सगळ्या सत्तरीच्या पुढच्या आहेत, आणि त्यांच्या नातींची नावं कुठल्याच गावावरून नाहीत. विचारायचं तर आताच.

दुसऱ्या दिवशी तो उत्तर घेऊन आला. आजी म्हणाली होती, "मला काय म्हाईत? बापानं ठिवलं. त्याला ईचारायचं व्हतं, तवा तू कुठं व्हतास?"