लिनक्सचा आवाज : सनई सभागृहातून कानात का पळाली?

ब्लूटूथच्या घोगऱ्या आवाजाचं प्रकरण या आठवड्यात उघडायचं कबूल केलं होतं. ते पुढे ढकलतोय, कारण मधेच रत्नागिरीतल्याच एका वाचकाचा निरोप आला आणि तो वाचल्यावर दुसरं काही लिहिणं सुचेना.

हा मुलगा एका हौशी नाट्यसंस्थेत पार्श्वसंगीत सांभाळतो. राज्य नाट्य स्पर्धेचे दिवस जवळ आले की आपल्या गावात संध्याकाळी कुठल्या ना कुठल्या हॉलमध्ये तालीम चालूच असते, त्यातलीच ही एक. लॅपटॉपवर लिनक्स मिंट. हेडफोनच्या भोकातून निघालेली वायर मिक्सरला, आणि पुढचा तुकडा आधी ऐकून ठेवायला ब्लूटूथ इअरफोन. दुसऱ्या अंकात लग्नाचा प्रसंग, सनई वाजतेय. यानं पुढच्या तुकड्यासाठी इअरफोन चालू केला आणि हॉल गप्प झाला. सगळं लग्न याच्या एकट्याच्या कानात लागत होतं! रंगमंचावरची मंडळी अक्षता हातात धरून उभी. दिग्दर्शकाने अर्थातच लिनक्सचा उद्धार केला.

उद्धार करण्याआधी एक गोष्ट बघा. सनई तुटली नाही, पहिल्यापासून सुरूही झाली नाही. वाजता वाजता एका दारातून निघून दुसऱ्या दारातून बाहेर पडली आणि ती वाजवणाऱ्या व्हीएलसी प्लेअरला त्याचा पत्ताही लागला नाही. वीस-बावीस वर्षांपूर्वी हे सहजासहजी जमत नव्हतं. नुसत्या अल्सावर, म्हणजे साउंड कार्ड चालवणाऱ्या लिनक्सच्या खालच्या थरावर, प्लेअर थेट कार्ड उघडून बसायचा. कार्ड बदलायचं तर गाणं थांबवा, सेटिंगमध्ये जा, दुसरं कार्ड निवडा, पुन्हा वाजवा. दोन प्रोग्राम एकाच कार्डासाठी भांडायचे ते वेगळंच. मग मध्ये एक मध्यस्थ आला : पल्सऑडिओ. लेनार्ट पोटरिंगने तो लिहिला, २००७ मध्ये फेडोरा ८ ने आणि २००८ मध्ये उबुंटू ८.०४ ने तो सगळ्यांच्या माथी मारला. सुरुवातीला त्याने लोकांना इतकं छळलं, की तो काढून कसा टाकायचा हेच सगळे एकमेकांना शिकवत होते. पण कल्पना अस्सल होती. प्लेअरने आवाज मध्यस्थाकडे द्यायचा, तो कुठून बाहेर काढायचा हे मध्यस्थ बघेल. आज त्याच जागी विम टायमन्सचा पाइपवायर आहे. फेडोराने २०२१ मध्ये घेतला, उबुंटूने २२.१० मध्ये, आणि आपल्या वाचकाच्या मिंट २२ मध्येही तोच.

आता चालू आवाज हलवणं म्हणजे धावत्या गाडीखाली सांधे बदलणं. पुढचे डबे नव्या रुळावर जातीलही, पण जे सांध्यावरून आधीच पुढे गेलेत त्यांचं काय? मध्यस्थाने थोडा आवाज कार्डाकडे आधीच पोचवलेला असतो, तो अजून वाजायचा असतो. पल्सऑडिओ तर बॅटरी वाचवायला एकेका वेळी दोन सेकंदांपर्यंतचा आवाज भरून ठेवायचा. तेवढा गिळला गेला असता तर सनईत केवढं भगदाड पडलं असतं! म्हणून आवाज हलवताना तो आधी हिशोब करतो, की जुन्या कार्डातला किती भाग अजून कुणाच्या कानावर पडलेला नाही. तेवढं मागे येऊन नव्या कार्डावर तिथूनच सुरू करतो. पाइपवायरने हा खटाटोपच टाळला. तो मुळात थोडा थोडा आवाज भरतो : नेहमीच्या मांडणीत एका वेळी १०२४ नमुने, सेकंदाला ४८,००० च्या वेगाने म्हणजे जेमतेम २१ मिलिसेकंद. तेवढं गेलं तरी सहसा कुणाला कळत नाही. आणि गाणं ४४,१०० चं, नवं कार्ड ४८,००० चं, असं असलं तरी वेगाचं रूपांतरही तोच करून घेतो. मला हा भाग फार आवडतो, दहादा करून बघितला तरी कंटाळा येत नाही.

मग सनई पळाली कशामुळे? वाचकाला मी उलट विचारलं, आदल्या रात्री घरी तुकडे कशावर ऐकले? ब्लूटूथवर, आणि पॅनेलवरच्या आवाजाच्या खुणेतून तेच निवडून. इथेच मेख आहे. कुठला आवाज कुठे जावा हे ठरवणारा पाइपवायरचा कारभारी म्हणजे वायरप्लंबर. तुम्ही आजवर कुठकुठली उपकरणं निवडलीत हे तो क्रमाने लक्षात ठेवतो आणि हजर असलेल्यांपैकी सगळ्यात अलीकडे निवडलेल्याला मान देतो. तालमीत इअरफोन बंद होता तोवर वायरचा नंबर लागला. इअरफोन आला तसा कारभाऱ्याने आदल्या रात्रीचा हुकूम पाळला. त्यात त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

खरा घोटाळा आपल्या डोक्यात असतो. ‘डिफॉल्ट’ उपकरण निवडणं आणि एखाद्या प्रोग्रामचा आवाज एका उपकरणाला बांधून टाकणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डिफॉल्ट हलला की न बांधलेले सगळे आवाज त्याच्यामागे जातात. बांधलेला जागचा हलत नाही.

बांधायचं कसं? सॉफ्टवेअर मॅनेजरमधून ‘पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल’ घ्या. नाव जुनं असलं तरी पाइपवायरवर झकास चालतं. त्याच्या ‘प्लेबॅक’ पानावर वाजणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामची एक पट्टी दिसते आणि पट्टीच्या उजव्या टोकाला उपकरणाच्या नावाचं बटण. ते दाबून दुसरं नाव निवडा, आवाज तिकडे. पान रिकामं दिसलं म्हणून घाबरू नका. काही वाजत असल्याशिवाय तिथे पट्टी येत नाही. आधी गाणं लावा, मग हे पान बघा.

यातली एक खोच बऱ्याच जाणत्यांनाही माहीत नसते. आत्ता जे डिफॉल्ट आहे त्यालाच आवाज ‘बांधायला’ गेलात तर तो बांधलाच जात नाही. ‘हा डिफॉल्टच्या मागे जाऊ दे’ असाच त्याचा अर्थ लावला जातो. म्हणून नाटकवाल्यांना माझा सल्ला थोडा उलटा आहे : सभागृहाला डिफॉल्ट करूच नका. काही शे रुपयांचं यूएसबी साउंड कार्ड आणा आणि मिक्सरची वायर त्याला जोडा. डिफॉल्ट ठेवा लॅपटॉपचं स्वतःचं भोक, त्यात साधा वायरचा हेडफोन. मग व्हीएलसी यूएसबीला बांधा. ऐन प्रयोगात मेल आल्याची टिंगटिंग झाली तरी ती तुमच्या कानात होईल, प्रेक्षकांच्या नाही.

पुढचा तुकडा कानात ऐकायला मात्र दुसरा प्लेअर वापरा, एमपीव्ही किंवा ऑडेशियस. व्हीएलसीचीच दुसरी खिडकी नको, कारण ही बांधाबांध सहसा प्रोग्रामच्या नावावर लक्षात ठेवली जाते. नाव एक, तर आठवणही एक. प्रयोगांचं काम कायमचं करणार असाल तर ‘लिनक्स शो प्लेअर’ बघून ठेवा, क्यूंची यादी लावून वाजवण्यासाठीच तो बनवलाय.

यूएसबीचा आग्रह आणखी एका कारणासाठी. लॅपटॉपचे स्पीकर आणि हेडफोनचं भोक ही मध्यस्थाच्या लेखी सहसा दोन उपकरणं नव्हेत, एकाच कार्डाची दोन तोंडं. पिन हलली की तोंड बदलतं. आपल्या खाऱ्या, दमट हवेत ही भोकं आतून काळवंडतात, पिन सैल होते, आणि कुणाचा पाय वायरला लागला की मिक्सर गप्प, लॅपटॉप बोलका. प्रोजेक्टर जोडणाऱ्यांनीही जपावं. बऱ्याच लॅपटॉपवर एचडीएमआयचा आवाज आणि हेडफोनचा आवाज एकाच कार्डाच्या दोन प्रोफाइल असतात. एक चालू केली की दुसरी बंद. ‘कॉन्फिगरेशन’ पानावर एकदा नजर टाकलीत की तुमच्याकडे काय आहे ते कळेल.

आता पुढच्या आठवड्यात नक्की ब्लूटूथ. इअरफोनचा माइक चालू होताच ज्यांचं गाणं जुन्या टेलिफोनमधून आल्यासारखं वाजतं, त्यांनी इअरफोनचं मॉडेल आणि आपल्या लिनक्सची आवृत्ती आधी कळवावी.