डबल बासच्या गजासाठी राळेची निवड व वापर : एक विवेचन

गोषवारा

गजाने वाजविल्या जाणाऱ्या तंतुवाद्यांत राळ हा सर्वांत स्वस्त व सर्वाधिक दुर्लक्षित घटक होय. डबल बास या मंद्र स्वराच्या वाद्याच्या बाबतीत हे दुर्लक्ष विशेष महागात पडते. तारा जाड व जड असल्याने व्हायोलिनसाठी योग्य ठरणारी राळ येथे अपुरी पडते आणि तिचा दोष वादकाच्या हाताला लावला जातो. प्रस्तुत लेखात राळेचे स्वरूप, स्वरनिर्मितीतील तिचे कार्य, निवडीचे निकष, लावण्याची पद्धती व घ्यावयाची दक्षता यांचा क्रमाने विचार केला आहे.

बीजशब्द : डबल बास, गज, राळ, घर्षण, तारेची कंपने.

१. प्रास्ताविक

सारंगी, दिलरुबा व व्हायोलिन या वाद्यांमुळे गज आणि राळ या दोन्ही गोष्टी महाराष्ट्रातील संगीतरसिकांना परिचित आहेत. गोव्यात चर्चशी संलग्न असलेल्या शाळांतून पाश्चात्त्य स्वरलेखनाचे व व्हायोलिनचे शिक्षण दीर्घकाळ दिले गेले. त्या परंपरेत घडलेल्या अनेक वादकांनी पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीताचे वाद्यवृंद समृद्ध केले. २००६ साली मुंबईच्या राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्रात 'सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया' या वाद्यवृंदाची स्थापना झाली. अशा वाद्यवृंदाचा पाया डबल बासचा असतो. मात्र या वाद्याच्या तांत्रिक बाजूविषयी मराठीत लेखन विरळाच आढळते. राळेचा प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटला, तरी त्यात रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र व संगीत या तिन्ही विद्याशाखा एकत्र येतात, म्हणून तो अभ्यासनीय ठरतो.

२. राळ म्हणजे काय ?

मराठीत 'राळ' हा शब्द साल वृक्षाच्या डिंकासारख्या स्रावालाही लावला जातो. गजाला लावावयाची राळ मात्र पाइन वर्गातील वृक्षांपासून मिळते. हिमालयाच्या उतारांवरील चीड हा त्याच वर्गातील वृक्ष होय. खोडाला चीर देऊन मिळविलेला चिकट स्राव तापविला असता त्यातील टर्पेंटाइन हे तेल बाष्परूपाने निघून जाते आणि मागे पिवळसर ते गडद तपकिरी रंगाचा, काचेप्रमाणे ठिसूळ पदार्थ उरतो. हीच राळ. तिचे 'कोलोफनी' हे पर्यायी नाव आशिया मायनरमधील कोलोफोन या प्राचीन नगरावरून पडले आहे. रासायनिकदृष्ट्या ती मुख्यत्वे ॲबिएटिक आम्ल व त्याच्या जवळची आम्ले यांचे मिश्रण असते.

राळेला स्फटिकासारखा निश्चित वितळणबिंदू नाही. उष्णता वाढत जाते तशी ती हळूहळू मऊ होते व अखेरीस वाहू लागते. तिचा हाच गुणधर्म पुढील विवेचनाचा गाभा आहे.

३. स्वरनिर्मितीतील राळेचे कार्य

राळेमुळे गज तारेला 'चिकटतो' व म्हणून स्वर निघतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. गज तारेला केवळ चिकटून राहिला, तर तार एका बाजूस ओढली जाईल, पण कंप पावणार नाही. तार काही काळ गजाबरोबर ओढली जाणे, नंतर एकाएकी सुटून मागे येणे आणि पुन्हा धरली जाणे, या चक्रातून स्वर निर्माण होतो. त्यासाठी स्थितिक घर्षण अधिक व गतिक घर्षण पुष्कळ कमी असावे लागते. राळेचे खरे मोल या दोहोंमधील तफावतीत आहे.

हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात या गतीचे स्वरूप प्रथम स्पष्ट केले. गजाखालील तार डोळ्यांना फुगीर दिसत असली, तरी कोणत्याही एका क्षणी ती दोन सरळ रेषांची बनलेली असते. त्या रेषांना जोडणारा कोन तारेवरून सतत ये-जा करतो आणि दर फेरीत एकदा तार गजापासून सुटते. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी कोलकाता येथील 'इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स' या संस्थेत याच विषयावर सखोल संशोधन केले. १९१८ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा प्रबंध आजही या क्षेत्रात पायाभूत मानला जातो.

घर्षणाच्या बाजूने महत्त्वाची भर २००० साली पडली. जे. एच. स्मिथ व जिम वुडहाउस यांनी राळेच्या घर्षणावरील संशोधनात तापमानाची भूमिका पुढे आणली. तार घसरताना संपर्काच्या जागी क्षणभर उष्णता निर्माण होते व राळेचा अतिशय पातळ थर मऊ पडतो, त्यामुळे घर्षण घटते. तार पुन्हा धरली जाताच थर थंड होऊन पकड परत येते. याचा अर्थ असा की, राळेचा मऊपणा व सभोवतालचे तापमान यांचा विचार एकत्रितपणेच केला पाहिजे.

४. डबल बासचे वेगळेपण

डबल बासच्या चार तारा सामान्यतः खालून ई, ए, डी, जी या स्वरांत मिळविलेल्या असतात. सर्वांत खालच्या ई तारेची कंपनसंख्या सेकंदाला सुमारे ४१ असते, तर व्हायोलिनच्या सर्वांत वरच्या तारेची सुमारे ६५९ असते. स्वर स्थिर होण्यास धरण्या-सुटण्याची दहा चक्रे लागतात असे उदाहरणादाखल मानल्यास व्हायोलिनच्या त्या तारेवर सेकंदाचा सुमारे पासष्टावा भाग पुरतो. बासच्या ई तारेवर मात्र जवळजवळ पाव सेकंद जातो. द्रुत लयीत एवढ्या अवधीत पुढचा स्वर येऊन ठेपतो. म्हणून बासवादकाला पहिल्याच चक्रापासून खात्रीची पकड लागते. नॉर्वेजियन बासवादक व संशोधक क्नुट गुटलर यांनी स्वरारंभाच्या याच प्रश्नाचा विस्ताराने अभ्यास केला.

शिवाय बासची तार जाड व जड असल्याने तिला बाजूस ओढण्यास अधिक बल लागते. गज व्हायोलिनच्या गजाच्या साधारण दुप्पट वजनाचा असतो, परंतु नुसता दाब वाढविला तर स्वर दबतो व खरखरतो. आवश्यक ती अधिक पकड राळेतूनच मिळवावी लागते. त्यामुळे बासची राळ व्हायोलिनच्या राळेपेक्षा मऊ व चिकट बनवितात. उलटपक्षी, ती व्हायोलिनच्या गजाला लावल्यास त्या नाजूक तारा अडखळतात व आवाज कर्कश होतो. दोन्ही राळा एकमेकींच्या जागी वापरता येत नाहीत.

५. निवडीचे निकष

बाजारातील बासच्या राळांमध्ये मऊ ते कठीण अशी श्रेणी आढळते. 'पॉप्स' ही अमेरिकन राळ अतिशय मऊ व चिकट म्हणून ओळखली जाते. 'कोलस्टाइन' मऊ, सर्व ऋतूंसाठी व कठीण अशा प्रकारांत मिळते. 'कार्लसन' व 'नीमन' या स्वीडिश राळा तुलनेने घट्ट मानल्या जातात. निवड करताना पुढील बाबी ध्यानात घ्याव्यात.

(अ) हवामान : उष्ण हवेत मऊ राळ अधिकच मऊ होते, म्हणून तेथे घट्ट राळ इष्ट, थंड हवेत घट्ट राळ ठिसूळ होऊन भुकटीप्रमाणे झडते, म्हणून तेथे मऊ राळ उपयुक्त. मुंबईसारख्या शहरात सराव उकाड्याच्या खोलीत व कार्यक्रम वातानुकूलित सभागृहात होतो. अशा वेळी मध्यम प्रकार सोयीचा पडतो, अथवा दोन प्रकारच्या राळांसाठी दोन स्वतंत्र गज ठेवावे लागतात. पावसाळ्यात दमट हवेने गजाचे केस लांबून सैल पडतात. तेव्हा पकड कमी झाल्याचे कारण राळ नसून केसांचा ताण असू शकते.

(आ) वादनप्रकार : वाद्यवृंदातील जोरकस, ठाशीव स्वरांसाठी चिकट राळ साहाय्यभूत होते. एकल वादनात स्वच्छता व चपळता हवी असल्याने बरेच वादक घट्ट राळ पसंत करतात. जॅझसारख्या संगीतात बास मुख्यतः बोटांनी छेडतात, तेथे राळेचा प्रश्न गजाच्या वापरापुरताच उरतो.

(इ) केस व तारा : बासच्या गजाला घोड्याच्या शेपटीचे पांढरे अथवा काळे केस लावतात. काळे केस अधिक जाडेभरडे व पकड देणारे समजले जातात. ते असल्यास राळ थोडी कमी चिकट चालते. तारा बदलल्यावरही राळेचा फेरविचार करावा लागतो.

रंगावरून राळेची पारख करू नये. गडद राळ मऊच असते असा नियम नाही.

६. राळ लावण्याची पद्धती

व्हायोलिनवादक राळेवर गज पुढे-मागे घासतात. बासच्या मऊ राळेबाबत ही सवय घातक ठरते. पुढे-मागे घासल्याने राळ तापून चिकट होते व तिच्या गुठळ्या केसांवर बसतात. तेव्हा गजाचे केस नेहमीप्रमाणे ताणून घ्यावेत आणि मुठीकडील टोकापासून अग्रापर्यंत एकाच दिशेने, संथ व समान दाबाने गज ओढावा. अग्राशी पोहोचल्यावर गज उचलून पुन्हा मुठीपासून आरंभ करावा. अगोदर राळ लावलेल्या गजाला तीन ते पाच वेळा असे करणे बहुधा पुरेसे होते. नवे केस बसविलेल्या गजाला पुष्कळ अधिक वेळा राळ लावावी लागते, कारण कोऱ्या केसांना स्वतःची पकड जवळजवळ नसते. वडी हातात अधूनमधून फिरवावी, म्हणजे तिच्यात एकाच जागी खाच पडत नाही. केसांना बोटे लावू नयेत, त्वचेवरील तेलकटपणाने राळ बसत नाही.

प्रमाण योग्य आहे की नाही, हे स्वरच सांगतो. गज तारेवरून निसटतो, स्वर उशिरा उमटतो किंवा शिट्टीसारखा आवाज येतो, तेव्हा राळ कमी आहे. करकर ऐकू येते, तारेवर पांढरा थर साचतो व हळुवार स्वर काढणे अवघड होते, तेव्हा ती अधिक झाली आहे. दोन भिन्न राळा एकाच गजावर मिसळू नयेत. राळ बदलावयाची झाल्यास केसही बदलणे श्रेयस्कर.

७. जतन व दक्षता

मऊ राळेची डबी नेहमी सपाट ठेवावी. उन्हात तापलेल्या मोटारीत राळ वाहून बाहेर येते. कालांतराने राळ वाळून तिची पकड घटते, तेव्हा जुनी वडी शिल्लक असली तरी बदलावी. वादनानंतर तारा, वाद्याची वरची फळी व गजाची काठी कोरड्या मऊ फडक्याने पुसावी. साचलेली राळ वाद्याच्या वार्निशवर घट्ट बसते आणि ती काढण्यासाठी स्पिरिट वापरल्यास वार्निशच विरघळण्याचा धोका असतो.

कोलोफनी हा त्वचेच्या ॲलर्जीस कारणीभूत होणारा ज्ञात पदार्थ आहे. राळेच्या संपर्कानंतर ज्या विद्यार्थ्याच्या हातावर पुरळ उठते किंवा ज्याला भुकटीने खोकला वा धाप लागते, त्याची तक्रार आळस म्हणून झटकू नये. त्याला वैद्यकीय सल्ला घेण्यास सांगावे.

८. समारोप

राळेचे कार्य तारेला धरून ठेवण्याइतकेच तिला योग्य क्षणी सोडण्याचेही आहे. हे कार्य राळेचा मऊपणा, तापमान, केस व तार या चार घटकांच्या मेळावर अवलंबून असते. त्यामुळे सर्वोत्तम अशी एकच राळ सांगता येत नाही. विशिष्ट हवामानात व विशिष्ट वाद्यावर अनुरूप ठरणारी राळच शोधावी लागते. ज्या महाविद्यालयांत पाश्चात्त्य वाद्यवृंदाचे शिक्षण दिले जाते, तेथे बाससाठी स्वतंत्र राळ खरेदी करावी, प्रत्येक गजावर वापरलेल्या राळेचे नाव चिठ्ठीने नोंदवावे व राळ लावण्याची पद्धत पहिल्याच पाठात शिकवावी. एखाद्या विद्यार्थ्याचा स्वर उमटत नसेल, तर त्याच्या हाताची चिकित्सा करण्यापूर्वी त्याचा गज तपासून पाहणे हे शिक्षकाचे पहिले कर्तव्य ठरते. बहुतेक वेळा एवढ्या तपासणीला पाच मिनिटेही लागत नाहीत, उलट ती न केल्यास विद्यार्थी जादा दाब देण्याची सवय लावून घेतो आणि ती सोडविण्यात पुढे अनेक महिने खर्ची पडतात.