मेंढ्यांच्या खुराकात तेल : नफा की नुकसान?

भोकरदन तालुका कापूस, मका आणि सोयाबीन पिकवणारा. सरकी, पेंड आणि भुसकट जवळच मिळते. त्यामुळे दख्खनी जातीची नर कोकरे घेऊन, तीन महिने बांधून, बकरी ईदच्या बाजारासाठी तयार करण्याचा धंदा येथे सोयीचा आहे. या धंद्यात खरा खर्च खुराकाचा. जनावर लवकर भरावे म्हणून खुराकावर तेल ओतण्याचा मोह अनेकांना होतो. त्याआधी हिशेब समजून घ्यावा.

तेलात ताकद आहे, यात शंका नाही. एक ग्रॅम पिष्टापासून सुमारे ४ कॅलरी मिळतात, तर एक ग्रॅम तेलापासून ९. मात्र मेंढीचे पचन माणसासारखे नसते. तिच्या कोटीपोटात असंख्य सूक्ष्म जंतू असतात. कडबा आणि भुसकट तेच आंबवून पचवतात. तेल जास्त झाले की ते चाऱ्यावर थर धरते आणि या जंतूंना मारक ठरते. मग रवंथ मंदावते, जनावर खाणे कमी करते, हगवण लागते. तेलाचे पैसे जातात आणि चाऱ्याचेही.

किती द्यावे?

२५ किलोचे कोकरू दिवसाला सुमारे १ किलो कोरडा आहार खाते. त्यात सर्व मिळून स्निग्धांश ६ टक्के, म्हणजे ६० ग्रॅमच्या वर जाऊ नये. चारा व धान्यातून सुमारे २० ग्रॅम मिळतात. घाण्याच्या २०० ग्रॅम सरकी पेंडीतून आणखी १४ ग्रॅमच्या आसपास. उरले साधारण २० ते २५ ग्रॅम, म्हणजे चार-पाच लहान चमचे. पेंडीसोबत १०० ग्रॅम अख्खी सरकी दिली, तर तिच्यातच सुमारे १८ ग्रॅम तेल असते. मग वरून तेलाची गरज नाही. सॉल्व्हंट प्रक्रियेच्या पेंडीत मात्र तेल नावालाच उरते. म्हणून पेंड घेताना ती कोणती, हे दुकानदाराला अवश्य विचारावे.

तेल द्यायचेच असेल तर दहा-पंधरा दिवसांत हळूहळू वाढवावे. खवट किंवा तळणाचे उरलेले तेल देऊ नये. दुधावरच्या कोकरांना सरकी वा तिची पेंड नको. त्यातील गॉसिपॉल त्यांना बाधते.

प्रयोगांतून असे दिसते की थोड्या तेलाने खुराक कधी कधी अधिक अंगी लागतो, पण वजन दर वेळी वाढतेच असे नाही. शिवाय भारत खाद्यतेलाची निम्म्याहून अधिक गरज आयातीवर भागवतो; परदेशात भाव चढला की येथेही चढतो.

तेव्हा व्यापारी बांधवांनी आधी चार-पाच कोकरांवरच तेल देऊन पाहावे, तेवढीच कोकरे तेलाविना ठेवावीत आणि दर पंधरा दिवसांनी दोन्हींचे वजन करावे. वाढलेल्या वजनाची किंमत तेलाच्या खर्चापेक्षा जास्त भरली, तरच सगळ्या कळपाला तेल द्यावे.