मुख्याध्यापकांचे कपाट

जून महिना आला की संध्याकाळी कोणी ना कोणी कागदांची पिशवी घेऊन आमच्या दारात उभा राहतो. आम्ही कारकुनीत केस पांढरे केलेले, त्यातून बी.कॉम.; तेव्हा दाखला, उतारा, अर्ज ही कामे वस्तीने आमच्याच गळ्यात घातली आहेत. त्याबद्दल तक्रार नाही. परंतु या पिशव्या उघडता उघडता एक गोष्ट आम्हांला कळून चुकली आहे. मुख्याध्यापक कसे आहेत हे स्वातंत्र्यदिनाच्या भाषणावरून, भिंतीच्या रंगावरून किंवा निकालाच्या फलकावरून ठरवू नये. त्यांचे कपाट पाहावे.

त्या कपाटात जनरल रजिस्टर असते. मूल पहिल्यांदा शाळेत आले की नाव, जन्मतारीख, धर्म, जात, गाव सारे त्यात चढते. शाळा सोडल्याचा दाखला त्यावरूनच निघतो आणि शिष्यवृत्ती, जातीचा दाखला, नोकरी सारे त्याच्या मागून येते. एक अक्षर चुकले तर दुरुस्तीसाठी शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीपर्यंत जावे लागते. जात पडताळणीत तर अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. आपल्यातल्या पुष्कळ घरांना जमीन नव्हती, मग जुना सातबारा आणायचा कुठून? अशा घराला शाळेच्या रजिस्टरातली पणजोबांची एक ओळ हाच आधार.

दोन वर्षांपूर्वी आमच्या ओळखीच्या एका मुलीचा इंजिनिअरिंगचा प्रवेश याच पुराव्यावाचून अडला. पणजोबा मुंबईला गिरणीत होते, ते शाळेत कधी गेलेच नाहीत अशी घरच्यांची समजूत. तरीही आम्ही त्यांच्या गावच्या शाळेत गेलो. मुख्याध्यापक म्हणाले, "बसा जरा." लोखंडी पेटीतून त्यांनी रजिस्टरे काढली. जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, पानांमध्ये कडुनिंबाचा पाला. दरवर्षी पाऊस सरला की दसऱ्याच्या सुमारास ते ती उन्हात घालतात. अर्ध्या तासात १९३१ सालची नोंद सापडली. शाई विटलेली, पण नाव स्पष्ट, जात स्पष्ट, आणि शेवटी शेरा : मुंबईस गेला. पणजोबा दोन वर्षे शाळेत होते! वर्गात बसत होते की पडवीत, ते रजिस्टर सांगत नाही. मुलीचे वडील बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवून उभे होते.

आमच्या पुतण्याच्या वेळी नेमके उलटे झाले. त्या शाळेचे नाव लिहीत नाही. रजिस्टर वाळवीने खाल्लेले, आणि साहेब म्हणतात, "एवढं जुनं कोण सांभाळतो?" त्यापायी आम्ही सात महिने फेऱ्या मारल्या.

कोण सांभाळतो? साताऱ्याच्या शाळेने सांभाळले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर या मुलाचे नाव तेथील सरकारी हायस्कुलात दाखल झाले, रजिस्टर क्रमांक १९१४. हीच आजची प्रतापसिंह हायस्कूल. ते पान आजही आहे, म्हणून तर २०१७ पासून महाराष्ट्रात ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो.

पण कागद सांभाळणे ही अर्धी गोष्ट झाली. रजिस्टरात नाव आहे आणि वर्गात मूल नाही, हे ज्यांना टोचते ते खरे मुख्याध्यापक. वर सांगितलेल्या शाळेतच आम्ही पाहिले. जुलैत पऱ्याला पाणी आले की बौद्धवाडीची मुले अलीकडेच अडकत. आधीच्या गुरुजींनी 'गैरहजर' लिहिण्यापलीकडे काही केले नव्हते. यांनी तीन वर्षांच्या हजेरीपटावरून पावसाळ्यात बुडालेले दिवस मोजले आणि तो आकडा ग्रामपंचायतीपुढे ठेवला. साकव झाला. नुसत्या अर्जाने झाला असता असे आम्हांला वाटत नाही. आकडा पाहिल्यावर सदस्यांची तोंडे बंद झाली.

या कामाचा आदर्श आपल्याच जिल्ह्यातला आहे. मंडणगड तालुक्यातील आंबडवे गावचे सुभेदार रामजी सकपाळ यांनी लष्करी शाळेचा कारभार १४ वर्षे पाहिला. पलटणीच्या त्या शाळांत मुलांबरोबर मुलींनाही शिकवीत. हा हेडमास्तर पेन्शनीत निघाल्यावरही हेडमास्तरच राहिला. परळच्या चाळीत एका खोलीत बिऱ्हाड. मुलाला लवकर झोपवायचे, स्वतः जागायचे आणि रात्री दोनला त्याला अभ्यासाला उठवायचे. पुस्तकाला पैसे नसले तर लग्न झालेल्या लेकीकडून दागिना मागून आणायचा, गहाण टाकायचा आणि पेन्शन आली की सोडवून परत करायचा. १९३५ साली तोच मुलगा मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचा प्राचार्य झाला. ते पाहायला सुभेदार नव्हते.

आता मुख्याध्यापकांची बाजूही सांगितली पाहिजे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीचा पट १५० च्या वर असेल तरच स्वतंत्र मुख्याध्यापकाचे पद आहे. आमच्या कोकणात वाडीवरच्या शाळेत वीस मुले जमली तरी पुष्कळ. तेव्हा तिथले मुख्याध्यापक म्हणजे दोन-तीन वर्ग एकत्र शिकवणारे, पोषण आहाराचा तांदूळ मोजणारे आणि मोबाईलला रेंज मिळेल तिथे उभे राहून माहिती भरणारे गुरुजी किंवा बाई. त्यांना पालकांनी हात दिला पाहिजे. त्याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. दुर्बल घटकांतील पालकांनाही पटाच्या प्रमाणात जागा आहे. आपल्या किती आयाबहिणी सभेला जातात? सही घरपोच आणून घेतली जात असेल तर ती देऊ नका, सभेला जा आणि कपाट उघडायला सांगा.

साकववाले गुरुजी गेल्या वर्षी निवृत्त झाले. चार्ज देताना नवीन बाईंसमोर यादी करायला त्यांनी आम्हांला बोलावले होते. खुर्च्या, घंटा, वजनकाटा हे सारे नंतर. आधी लोखंडी पेटी उघडली, एकेक रजिस्टर बाईंच्या हातात देऊन पाने मोजून घेतली आणि मग सही केली. जाताना म्हणाले, "पाला दसऱ्याला बदला हो."