वाफेचे महाकाय आणि काचेतील पाणी

पांडेसऱ्यातील आमच्या वाचकांस वाफेची ओळख करून देण्याचे कारण नाही. येथील डाइंग मिलमध्ये कापड रंगते, छापले जाते आणि वाळते ते बॉयलरच्या वाफेवर. यांपैकी पुष्कळ कुटुंबे खानदेशातून आली, ती उधना जंक्शनास मिळणाऱ्या तापी खोऱ्याच्या लोहमार्गाने. जळगाव, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर ही त्यावरील स्थानके त्यांस तोंडपाठ असतात. आज तेथे विजेची इंजिने धावतात. परंतु खिडकीतून डोकावताच डोळ्यांत कोळशाची कणी जाई, ते दिवस घरातील वडीलधाऱ्यांस अजून आठवतात. त्यांच्या गोष्टी ऐकून नातवंडे विचारतात, 'आजोबा, सर्वांत मोठे वाफेचे इंजिन कोणते हो?' त्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा आम्ही येथे प्रयत्न करीत आहोत.

त्यासाठी अमेरिकेस जावे लागते. तेथील युनियन पॅसिफिक रेल्वेने १९४१ साली २० आणि १९४४ साली ५ अशी २५ इंजिने बांधवून घेतली. 'बिग बॉय' या नावाने ती प्रसिद्ध आहेत. टेंडरसह लांबी १३२ फूट, भरलेले वजन सुमारे ५४० टन. पुढे वाट दाखविणारी ४ चाके, मग ओढणाऱ्या ८-८ चाकांचे दोन संच आणि भट्टीचा भार पेलणारी मागची ४ चाके, अशी त्यांची रचना होती. एवढे लांब धूड वळणावर वळावे कसे? मागचा संच बॉयलरशी पक्का जोडलेला आणि पुढचा संच बिजागरीवर फिरणारा, ही स्विस अभियंता आनातोल मॅले यांची युक्ती येथे कामी आली. युटामधील वासॅच डोंगराचा चढ लांब मालगाड्यांनी दुसऱ्या इंजिनाच्या मदतीवाचून चढावा, हा त्यामागील हेतू होता. एवढ्या भट्टीस फावड्याने कोळसा पुरविणे माणसास अशक्य. ते काम यांत्रिक स्टोकर करी.

प्रत्येक कंपनीने आपापल्या मुलखास साजेसे इंजिन घडविले. चेसापीक अँड ओहायो रेल्वेने ॲलेघनी पर्वतावरून दगडी कोळसा नेण्यासाठी १९४१ ते १९४८ या काळात २-६-६-६ जातीची ६० इंजिने घेतली. शेजारच्या व्हर्जिनियन रेल्वेने तशीच ८ घेतली. मिनेसोटातील लोहखनिज लेक सुपीरिअरच्या बंदरांस पोहोचविणाऱ्या डुलुथ, मिसाबी अँड आयर्न रेंज रेल्वेपाशी २-८-८-४ जातीची १८ होती. सदर्न पॅसिफिकने तर इंजिन उलटेच फिरविले! सिएरा नेवाडातील बोगद्यांत आणि बर्फ अडविणाऱ्या छपरांखाली चालक धुराने गुदमरत. म्हणून चालकाची खोली पुढे आणि धुराडे मागे केले. तेलावर जळणारी भट्टी असल्यामुळेच हे साधले. नॉर्फोक अँड वेस्टर्नने आपली प्रचंड इंजिने रोअनोक येथील स्वतःच्याच कारखान्यात बांधली.

आपला देशही या बाबतीत अगदीच मागे नव्हता. नागपुराहून पूर्वेकडे जाणाऱ्या बंगाल नागपूर रेल्वेने १९२९ साली मँचेस्टरहून 'एन' वर्गाची गॅरट इंजिने आणविली. दोन टोकांस दोन इंजिने आणि मध्ये टांगलेला एकच बॉयलर, अशी ही जोडी सुमारे २३४ टनांची. त्यांपैकी एक दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात पाहावयास मिळते. अमेरिकेचे इंजिनही येथे आले. बाल्डविन कारखान्याची 'डब्ल्यू.पी.' वर्गाची पहिली १६ इंजिने १९४७ साली आली. बंदुकीच्या गोळीसारख्या नाकाचे ते देखणे इंजिन पुढे पश्चिम रेल्वेसह देशभर मेलगाड्या ओढू लागले.

परंतु आकाराच्या या कौतुकात एक गोष्ट विसरता कामा नये. १९५३ साली वेस्ट व्हर्जिनियात हिंटनजवळ चेसापीक अँड ओहायोच्या अशाच एका महाकाय इंजिनाचा बॉयलर फुटला आणि त्यावरील माणसे मृत्युमुखी पडली. कारण काय? पाणी कमी झाले होते. भट्टीच्या छतावरील पोलादी पत्रा नेहमी पाण्याखाली असावा लागतो. पाणीच त्याला थंड ठेवते. पाणी उतरले की पत्रा लाल होतो, मऊ पडतो आणि वाफेच्या दाबाखाली आत खचतो. त्याच क्षणी २०० अंशांहून अधिक तापलेल्या उरल्यासुरल्या पाण्याची एकदम वाफ होते, आणि शेकडो टनांचे लोखंडही तिला आवरू शकत नाही.

आमच्या वाचकांपैकी जे मिलमध्ये बॉयलरवर पाळी करतात, त्यांस हा नियम ठाऊकच आहे. इंजिन रुळांवरचे असो वा मिलमधले, पाणी दाखविणारी ती बोटभर काच तीच आहे. काच वेळोवेळी फुंकून घेणे, फ्यूजिबल प्लग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह यांच्याशी कोणासही खेळू न देणे, शंका येताच आग आवरणे आणि तापलेल्या पत्र्यावर घाईने गार पाणी न सोडणे, ही कामे कंटाळवाणी वाटतात. मालाची निकड असते, मुकादमाचा तगादा असतो. तरीही पाळीवरील माणसाने त्या क्षणी 'थांबा' म्हणावे, आणि मालकाने ते ऐकावे. १९२३ च्या कायद्याच्या जागी २०२५ साली बॉयलरचा नवा कायदा आला. पण पहाटे तीन वाजता काचेकडे पाहणारे डोळे कायदा देऊ शकत नाही.

त्या महाकायांचे राज्य फार टिकले नाही. डिझेल इंजिनास वाटेत पाणी नको, राख काढणे नको. अनेक इंजिने जोडून एकच चालक ती हाकू शकतो. १९५९ च्या जुलैत 'बिग बॉय'ची नेहमीची सेवा संपली. १९६० साली नॉर्फोक अँड वेस्टर्ननेही वाफेस निरोप दिला. आपल्या ब्रॉडगेजवरील नेहमीच्या गाड्यांतून ती १९९५ साली गेली. २५ पैकी ८ 'बिग बॉय' उरले आहेत आणि ४०१४ क्रमांकाचे इंजिन २०१९ साली दुरुस्त होऊन पुन्हा रुळांवर आले.

नातवंडांस या इंजिनाची लांबी-रुंदी अवश्य सांगावी. मात्र त्याबरोबर हेही सांगावे की, त्याचे सारे सामर्थ्य एका काचेतील पाण्यावर आणि ती पाहणाऱ्या जागरूक माणसावर अवलंबून होते. आपले बाबा रात्रपाळीस जातात ते कशासाठी, हेही मग त्यांस उमजेल.