कृत्रिम पायाचें सुख

गुडघ्याखालीं पाय गमावलेल्या माणसाला नवा पाय मिळाला, तो चार पावलें चालला, छायाचित्र निघालें, कीं काम संपलें असें शहरांतील दात्यास वाटतें. वस्तुतः परीक्षा सुरू होते ती घरीं परतल्यावर. आणि तें घर चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांत असेल, तर परीक्षा कडक होते.

तेथें पावसाळ्यांत बांधीच्या चिखलांत धानाची रोवणी करावयाची, चैत्रांत उकिडवें बसून मोहाचीं फुलें वेंचावयाचीं, जेवावयास मांडी घालावयाची. पाश्चात्य पद्धतीचा पाय बूट घालून खुर्चीवर बसणाऱ्यासाठीं कल्पिलेला. जयपूरचे कारागीर रामचंद्र शर्मा आणि शल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी यांनीं १९६८ च्या सुमारास रबराचें असें पाऊल घडविलें, कीं तें अनवाणी चालावें, चिखलांत भिजावें आणि घोट्याशीं वळून उकिडवें बसूं द्यावें.

तथापि सुखदुःखाचें मुख्य ठाणें पावलांत नाहीं, वर आहे. गुडघ्याखालचा उरलेला खुंट ज्या पोकळ पेल्यांत बसतो, त्यास कारागीर सॉकेट म्हणतात. शरीराचा भार येथें अशा कातडीवर पडतो, जी तळव्यासारखी भार सोसण्यासाठीं घडलेली नाहीं. शिवाय खुंट एकसारखा राहत नाहीं. शस्त्रक्रियेनंतर कित्येक महिने तो रोडावतो. एका दिवसांतहि सकाळीं भरलेला, तर सायंकाळीं आकसलेला असतो. आकसला कीं पेल्यांत खालीं सरकतो, हाड टेकतें, फोड येतो. चंद्रपूरच्या उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तेव्हां घाम त्यांत भर घालतो. आणि मग पाय भिंतीवरच्या खुंटीला लागतो.

साधा उपाय मोज्यांचा : पेला सैल झाला कीं एक मोजा चढवावा, घट्ट झाला कीं उतरवावा. अलीकडे पट्टे आवळून किंवा फिरकी फिरवून घट्ट-सैल करतां येणारे पेलेहि निघाले आहेत. यांतील खरा लाभ हा, कीं जुळवणी स्वतःच्या हातीं येते. पुण्याचें कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून आहे खरें, पण पर्लकोटेच्या पुरानें ज्याची वाट वारंवार तुटत आली, त्या भामरागडच्या माणसास तें किती दूर! मात्र फिरकी बिघडली, तर ती गांवांत दुरुस्त होणें कठीण. पट्टा कोणीहि शिवून देतो. म्हणून येथें पट्टाच बरा.

आणखी एक पेंच आहे. वरोऱ्याजवळचें बाबा आमटे यांचें आनंदवन ज्यांच्यासाठीं उभें राहिलें, त्या कुष्ठपीडितांची कातडी मज्जातंतू निकामी झाल्यानें बधिर होते. नकळत झालेली जखम चिघळून कधीं पायच कापावा लागतो. पुढें खुंटहि बधिर असला, तर “पाय कसा आहे ?” या प्रश्नास मिळालेलें “उत्तम” हें उत्तर प्रामाणिक असूनहि खोटें ठरूं शकतें. टोंचलेलें त्यास कळतच नाहीं. पट्टा आवळण्याची मोकळीक अशा माणसास धोक्याचीहि; किती आवळावें याची रेघ पट्ट्यावर काढून द्यावी लागते, आणि रोज पेला काढून खुंटाची मागची बाजू आरशांत पाहावी लागते.

ज्यास वेदना कळते, तोहि फुकट मिळालेल्या वस्तूस नांवें ठेवावयास संकोचतो. तेव्हां “समाधान आहे काय ?” असें न विचारतां, दिवसाचे किती तास पाय घालतां, रोवणीला घालतां काय, शेवटचा फोड केव्हां आला, असें विचारावें, आणि शक्य तर हें विचारणें पहिल्या पावसाळ्यानंतर, त्याच्या अंगणांत जाऊन व्हावें.