ताट अंगणवाडीतलं, वेळ आपली

तेलंगणात २०१५ पासून ‘आरोग्य लक्ष्मी’ योजना चालू आहे. गरोदर बायकांना आणि बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत त्याच्या आईला अंगणवाडीत दुपारचं ताजं जेवण मिळतं. भात, डाळ, भाजी, एक अंडं, २०० मिलिलिटर दूध आणि वर लोहाची गोळी.

यातली खरी मेख म्हणजे ते तिथेच बसून खायचं. शिधा घरी नेला की त्याचे वाटे होतात आणि बाईचा वाटा शेवटचा. (आपल्या आज्यांच्या पंगती आठवा!)

सहा महिन्यांनंतर बाळाला आईच्या दुधाबरोबर वरचं घट्टसर अन्न लागतं. त्यासाठी ‘बालामृतम्’चं अडीच किलोचं पाकीट मिळतं. गहू, हरभऱ्याची डाळ, दूध पावडर, तेल आणि साखर. बनतं आपल्या नाचारमलाच. साखर थोडी कमी चालली असती, असं मला वाटतं.

बाळाचं वजन ‘पोषण ट्रॅकर’ ॲपवर नोंदवतात. मी सॉफ्टवेअरवाला, तरी सांगतो, वजनकाटा चुकीचा असेल तर ॲप काय करणार?

पण मोठी अडचण वेळेची आहे. अंगणवाडीत पान वाढलं जातं तेव्हा धुणीभांडी करणारी बाई आपल्याच स्वयंपाकघरात असते. तुमच्याकडे येणाऱ्या ताई गरोदर असतील, तर अंगणवाडीत नाव घातलंय का, एवढं विचारा. आणि दुपारचा तासभर त्यांना मोकळा द्या, पगार न कापता.